विचारणारे आणि सांगणारे
(समाजकार्य संशोधनाच्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना)

महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर बहुधा हिवाळ्यात होते. सुगी आटोपत आलेली असते, हवा चांगली असते, परीक्षा लांब असतात. स्वयंसेवक दत्तक गावात मुक्कामाला जातात, सकाळी श्रमदान करतात आणि दुपारी घरोघर फिरून सर्वेक्षणाचे फॉर्म भरतात. त्याच दिवसांत परतूर किंवा मंठा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर गेलात, तर दारामागून दार कुलूपबंद दिसेल. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून गेलेल्या असतात. मागे राहतात म्हातारी माणसे, काही शाळकरी मुले आणि ज्यांना जाण्याची गरज पडली नाही अशी घरे. स्वयंसेवक ‘घर बंद’ असा शेरा मारतो आणि पुढच्या दाराशी जातो. शिबिर संपते, तक्ते तयार होतात, टक्केवारी निघते. त्या टक्केवारीत गावातली सर्वांत हलाखीची कुटुंबे नसतातच. गाव आहे त्यापेक्षा सुखवस्तू दिसते, आणि मुलांनी तर प्रामाणिकपणे काम केलेले असते.

समाजकार्य संशोधन शिकायचे म्हणजे आधी हे बंद दार बघायला शिकायचे. परतूरच्या लाल बहादूर शास्त्री महाविद्यालयासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात समाजशास्त्र, अर्थशास्त्र, लोकप्रशासन शिकणारे विद्यार्थी, समाजकार्याची पदवी घेऊ पाहणारे तरुण, सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि गावात काम करणारे कार्यकर्ते या सगळ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. या विषयात येण्यासाठी मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेचा शिक्का लागत नाही. उलट काही बाबतींत तालुक्याचे महाविद्यालय मोठ्या संस्थेपेक्षा चांगल्या जागी उभे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विद्येचा इतिहास आपल्याला परका नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेली साक्ष आणि पुढच्याच वर्षी लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ यांत शेतकऱ्याच्या घराचे, जेवणाचे, कर्जाचे जे बारकाईने वर्णन येते ते निरीक्षणाशिवाय लिहिता आले नसते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची जमीन, कर्ज आणि कुटुंबांची मिळकत घरवार तपासून १९१७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकेत मेरी रिचमंड यांचे समाजकार्यातील निदानावरचे पुस्तक आले. गरजू माणसाला मदत करण्याआधी त्याची परिस्थिती पद्धतशीरपणे समजून घेतली पाहिजे, हा त्या पुस्तकाचा आग्रह. त्याही आधी, १८९५ मध्ये, शिकागोच्या हल हाउसमधल्या जेन अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तीतल्या घराघरांची मजुरी नकाशावर रंगवून दाखवली होती. त्या स्वतः त्याच वस्तीत राहत होत्या, ही गोष्ट मला त्या नकाशांइतकीच महत्त्वाची वाटते.

मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाड्यात वस्तीकेंद्र सुरू केले आणि त्या अनुभवातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय उभे राहिले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आली. टाटा संस्थेने तुळजापूरला ग्रामीण केंद्र काढले तेव्हा हे शिक्षण मराठवाड्यात येऊन पोचले. मराठवाड्याची स्वतःची परंपराही आहे. निजामी राजवटीत १९२९-३० मध्ये एस. केशव अय्यंगार यांनी हैदराबाद संस्थानातल्या खेड्यांची आर्थिक पाहणी केली आणि संस्थान विलीन झाल्यावर १९४९ ते १९५१ या काळात पुन्हा तसेच काम केले. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, आणि ‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्यातल्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला. आकडे मांडले की राजकारणालाही त्यांची दखल घ्यावी लागते, हे आपल्या भागाने तेव्हाच पाहिले आहे.

पण संशोधन आणि आधार एकाच हाताने कसे द्यावेत हे शिकायचे असेल, तर गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे १९८६ मध्ये काम सुरू केले. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगविषयक आजार होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगातल्या आरोग्यधोरणकर्त्यांना बाळंतपणापलीकडे बाईला शरीर असते याची जाणीव झाली. आता नीट पाहा. तोवर कुणाला हे माहीत नव्हते असे नाही. त्या ६५० जणींना स्वतःचे दुखणे माहीत होतेच. कुणी विचारले नव्हते, आणि विचारणारी व्यक्ती उपचारही करील असा भरवसा नव्हता, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. तपासणी आणि उपचार एकत्र आले म्हणूनच ती माहिती मिळाली.

पुढचा प्रयोग नवजात बाळांचा. ३९ गावांत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांना घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि तुलनेसाठी ४७ गावे घेतली. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभरच्या आशाताई घरी येऊन बाळाचे वजन करतात, ताप बघतात, त्याचे मूळ या गावांत आहे. परतूरच्या एखाद्या विद्यार्थिनीची आई आशाताई असेल, तर तिच्या पिशवीतला वजनकाटा हे समाजकार्य संशोधनाचे फळ आहे, हे तिला सांगितले पाहिजे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये दवाखाना काढायला गेले, तेव्हा लोकांच्या यादीत पाणी आणि अन्न औषधाच्या वर होते. त्यांनी ती यादी मान्य केली. त्या एका निर्णयामुळे पुढचे सगळे काम उभे राहिले.

आता आपल्या फॉर्मकडे येऊ. बहुतेक फॉर्मवर पहिल्या पानावरच प्रश्न असतो: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती? उत्तर येते एकवीस हजार, फार तर तीस-चाळीस हजार. विद्यार्थी लिहून घेतो आणि मनात म्हणतो, लोक खोटे सांगतात. लोक खोटे सांगत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेसाठी वर्षानुवर्षे २१,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा ठेवलेली होती. मुलाच्या शिष्यवृत्तीला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. रेशनकार्डाचा रंग उत्पन्नावर ठरतो. घरात एक अधिकृत आकडा असतो आणि परक्या माणसाने कागद काढला की तोच सांगायचा, ही गरिबाने अनुभवातून शिकलेली सावधगिरी आहे. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला बायकांनी दिवसदिवस रांगा लावल्या, त्यानंतर तर फॉर्म म्हणजे योजना हे समीकरण आणखी पक्के झाले. म्हणून दारात पहिले वाक्य हेच असावे: या कागदावरून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत आणि तुमचे काही बंदही होणार नाही.

आणि उत्पन्न असे एका आकड्यात विचारू नये. कापूस किती क्विंटल झाला, खेडा खरेदीत गेला की जिनिंगवर, भाव काय लागला. सोयाबीनची मळणी झाल्याबरोबर विकले की ठेवता आले. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मुकादमाने उचल किती दिली आणि पट्टा पडला तेव्हा किती फिटली. बचत गटाचा हप्ता किती, फायनान्सवाल्यांचा किती, तो कोणत्या वारी येतो. हप्त्याचा वार विचारला की घरातली बाई बोलू लागते, कारण तो वार तिच्या डोक्यात सतत असतो. शिवाय हे विचारायची वेळही बघावी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी दोनला गेलात तर ओसरीवर पुरुष किंवा म्हातारी माणसे भेटतील. बायका दिवेलागणीला घरी येतात, चूल पेटवतात, आणि तेव्हा शहरातून आलेल्या अभ्यासकाची गाडी परत निघालेली असते. परतूरच्या विद्यार्थ्याला परत जायचे नसते. तो त्याच गावचा, फार तर शेजारच्या गावचा असतो. सकाळी एसटीने किंवा रेल्वेने महाविद्यालयात येतो आणि संध्याकाळी घरी असतो. मोठ्या संस्थेला हे भाग्य पैसे मोजूनही मिळत नाही.

याच जवळिकीत धोकाही आहे. मुंबईच्या वस्तीत मुलाखत घेणारा आणि देणारा सहसा पुन्हा भेटत नाहीत. इथे मुलाखत घेणारी मुलगी सांगणाऱ्या बाईच्या नणंदेची पुतणी असू शकते. सर्वेक्षकाचा मामा मुकादम असू शकतो. आडनावावरून जात कळते आणि जात कळली की अर्धी उत्तरे बदलतात. कुणाच्या घरात दारू आहे, कुणाची सून माहेरी गेली, कुणाला कर्ज फिटत नाही, हे लिहिलेला कागद टपरीवर उघडा राहिला तर संशोधन संपले आणि त्या घराची इज्जतही गेली. म्हणून नाव वेगळ्या वहीत, माहिती वेगळ्या वहीत आणि दोघांना जोडणारा क्रमांक फक्त मार्गदर्शकाकडे, ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. शक्यतो विद्यार्थ्याला स्वतःच्या भावकीत पाठवू नये. संमती सहीपुरती घेऊ नये. मध्येच ‘एवढे राहू द्या’ म्हणण्याचा हक्क सांगणाऱ्याला आहे, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे.

एक प्रसंग मात्र असा आहे की जिथे गुप्तता पाळणे चूक ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते. जालना जिल्ह्यात ते सुमारे ३५ टक्के, आणि १ मे १९८१ पर्यंत परतूर ज्या जिल्ह्यात होते त्या परभणीत ४८ टक्के. तेव्हा घरोघर फिरणाऱ्या मुलीच्या कानावर कधी ना कधी येणारच, की अमुक घरातल्या नववीतल्या पोरीची सुपारी फुटली. अशा वेळी ‘मी फक्त माहिती गोळा करते’ असे म्हणून पुढे जाता येत नाही. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, गावपातळीवर ग्रामसेवकावर त्याची जबाबदारी आहे, १०९८ हा क्रमांक आहे आणि कळवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते. मुलीच्या जिवाला किंवा देहाला धोका दिसला तर आम्ही गप्प बसणार नाही, हे संमती घेतानाच सांगून ठेवावे.

पण लग्न थांबवून काम संपत नाही. ऊसतोड करणारे आईबाप सहा महिने फडात असतात. वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर? आणि लग्न केले की एका कोयत्याची भर पडते. हे समजल्याशिवाय त्या आईबापाला दोष देणे सोपे आहे. समजल्यावर प्रश्न वसतिगृहाकडे जातो, हंगामी निवासाच्या सोयीकडे जातो, तालुक्यात मुलींसाठी किती खाटा आहेत इकडे जातो. एवढ्यासाठी तरी महाविद्यालयाने तालुक्यातल्या वसतिगृहांची अद्ययावत यादी आपल्याकडे ठेवायला हवी. संशोधकाच्या पिशवीत प्रश्नावलीसोबत ती यादी असली पाहिजे.

प्रश्नाची चौकट कोण ठरवतो, यावर किती अवलंबून असते ते शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीत दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये या आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल सादर केला. सरकारी मदत एक लाख रुपयांची. ती मिळायची तर नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांच्या कसोटीवर प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल, नवरा बटईने कसत असेल, कर्ज पाहुण्याकडून किंवा बिगर परवान्याच्या सावकाराकडून घेतले असेल, तर त्याच गावातली, त्याच दुष्काळातली विधवा ‘अपात्र’ ठरू शकते. तिच्या दुःखाची वर्गवारी तहसीलच्या रकान्याने केलेली असते. विद्यार्थ्याने तोच रकाना आपल्या फॉर्मवर छापून घेतला तर तीच वर्गवारी पुन्हा होते. त्याऐवजी विचारावे: नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचे नाव लागले का? फेरफार कधी झाला? बँकेने पीककर्ज तुमच्या नावाने दिले का? मुलांच्या शाळेचे काय झाले? आणि नाव लागलेले नसेल तर तिच्यासोबत तलाठ्याकडे जाऊन वारस नोंदीचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी, तारीख वहीत लिहावी. असे वीस-पंचवीस अर्ज झाले की कुठे कागद अडतो, कोण अडवतो, दिरांची हरकत कुठे येते याची नोंद आपोआप तयार होते. मदतही झाली आणि अभ्यासही. समाजकार्य संशोधनाचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

ज्याने सांगितले त्याला अहवाल कळला पाहिजे, यावर मी विशेष भर देतो. आज बहुतेक प्रकल्प बाइंडिंग होऊन गुणांसाठी विभागात जमा होतात. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्र प्रकल्पाला आणि समुदायातल्या कामाला श्रेयांक दिले, म्हणजे अशा प्रकल्पांची संख्या आणखी वाढणार. प्रत्येक प्रकल्पाचे दोन पानांचे सोप्या मराठीतले टिपण करावे आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. ग्रामसभा २६ जानेवारीला असते, पण तेव्हा ऊसतोड कुटुंबे गावात नसतात. १ मेची ग्रामसभा या कामाला योग्य. तिथे लोक आकडे दुरुस्त करतात, हरकती घेतात, क्वचित चिडतात. ती दुरुस्ती अहवालात आली पाहिजे. तांड्यावर बंजारा बोलीत, मुस्लिम मोहल्ल्यात दखनीत कुणी विद्यार्थी समजावून सांगू शकला तर अधिक चांगले, आणि आपल्या वर्गांत असे विद्यार्थी आहेत.

अभ्यासाला विषय किती पडून आहेत! सेलू तालुक्यातल्या निम्न दुधना धरणाचे पाणी मागे परतूर आणि मंठा तालुक्यांपर्यंत येते. ज्यांची शेते आणि घरे त्यात गेली त्यांचे पुढे काय झाले? कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचा अभ्यास इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केला होता, त्याच्या शेजारी ठेवता येईल असा दुधनेचा अभ्यास परतूरमधूनच व्हायला हवा. जालना जिल्ह्यातच कडवंचीने पाणलोटाचे काम करून द्राक्षे पिकवली. ते कसे जमले, भूमिहीनांना त्यातून काय मिळाले, आणि आपल्या तालुक्यात तसे का झाले नाही? रेल्वेने रोज जालन्याला कामाला जाणारे तरुण, फायनान्सच्या हप्त्यांत अडकलेल्या बायका, फडावरून परत आल्यावर शाळेत बसणारी मुले, हे सगळे विषय चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

सुरुवात छोटी असावी. एक गाव, शंभराच्या आसपास घरे, एकच प्रश्न आणि दोन वर्षे. नमुना निवडताना गावठाण, दलित वस्ती, तांडा आणि शेतातली वस्ती या चारही ठिकाणची घरे त्यात येतील हे पाहावे. आधी गावाचा नकाशा लोकांकडूनच जमिनीवर काढून घ्यावा. कोणती विहीर कुणाची, आटते कधी, रस्ता कुठे संपतो, हे त्यात येते आणि सर्वांत आधी बायका व मुले बोलू लागतात. मग बारा महिन्यांचे ऋतुचक्र: काम कधी, उपास कधी, आजार कधी, कर्ज कधी. प्रश्नावली त्यानंतर. तयार झालेला अहवाल महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल क्रमांक टाकून पुस्तकांसारखा ठेवावा, गावाच्या नावाने लावावा. मान यांचे पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडचे दाट उपनगर झाले आहे, आणि ते कधीकाळी कसे होते हे एका पुस्तकामुळे कळते. परतूरच्या एका गावाची अशी जाडजूड फाइल पुढच्या तुकडीच्या हाती पडली, तर तिला शून्यापासून प्रारंभ करावा लागणार नाही. ती त्याच घरांत जाईल, आणि घरातली बाई विचारील की मागच्या वेळी लिहून नेले होते त्याचे काय झाले. तिला दाखवायला त्या फाइलमध्ये दोन पानांचे टिपण आणि अर्जाची पोच असावी.